आमच्या मशीनमध्ये अजून मे आहे

१ जून १९९०, शुक्रवार

ही निळ्या कव्हरची दैनंदिनी अविनाशनं जानेवारीत कॅन्टीनमधून आणून दिली होती. "लिहीत जा काहीतरी. सगळं मनात घोळवत बसतेस आणि मग भाजी करपते," असं वर ऐकवलंही होतं. पाच महिने ती आमच्या लेकीच्या, कांचनच्या रंगपेटीखाली पडून होती. आज शोधून काढली, कारण आज ऑफिसात आम्ही एक विचित्र गोष्ट केली आणि खरी तारीख कुठेतरी लिहून ठेवावी असं वाटलं. माझा काय भरवसा? मी जागेपणी झोपते, असं आमचे वैमानिक नवरोजी चारचौघांत सांगतात.

इस्पितळाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये आमचं मोठं मशीन आहे. त्यावर एक पॅकेज चालतं, आणि त्या पॅकेजला दर वर्षी दिल्लीच्या कंपनीकडून नवी 'की' लागते. ही किल्ली काही लोखंडी नसते. अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते, फक्त आमच्याच मशीनला लागणारी आणि ठरलेल्या दिवसापर्यंतच चालणारी. जुनी काल, एकतीस मेला संपली. नवी घेऊन कंपनीचा माणूस यायचा होता, पण इकडे गोळीबार आणि बंद रोजचेच, त्यामुळे हल्ली इकडे यायचं म्हटलं की दिल्लीतल्या माणसाला ताप येतो. फोनवरून सांगतो म्हणाला, तर फोन लागत नाही.

सकाळी मशीन सुरू केलं, आणि पॅकेजनं मुदत संपल्याचं एका ओळीत सांगून तोंड मिटलं. लहान मुलांच्या रक्तविकाराच्या वॉर्डातली नव्या औषधाची नोंदणी त्यावरच होते. नोंदणी झाली की मशीन एक नंबर छापतं, आणि तो नंबर दाखवल्याशिवाय औषध मिळत नाही. दहाच्या आत वॉर्डातून दोनदा विचारणा झाली.

मी ग्रेवाल साहेबांना म्हटलं, "सर, मशीन को पुरानी तारीख दे दें?"

हे अगदी सोपं आहे. मशीनला स्वतःची तारीख नसते. रोज सकाळी सुरू केलं की ते आपल्याला विचारतं, आज कोणता दिवस? आपण सांगू तो ते खरा मानतं.

साहेब आमचे प्रमुख. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. भर उन्हाळ्यातसुद्धा भाजलेल्या शेंगा फोडत बसतात आणि नियमाला सोडून इकडची काडी तिकडे करत नाहीत. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "चित्राजी, मशीन नाल झूठ नहीं बोलणा चाहीदा," ते त्यांच्या पंजाबीत म्हणाले, मशीनशी खोटं बोलू नये. मग वॉर्डातून तिसऱ्यांदा माणूस आला. साहेबांनी सुस्कारा सोडला. "दो दिन. बस, दो दिन."

मी २९ मे अशी तारीख टाइप केली. एकोणतीसच का, असं त्यांनी विचारलं तेव्हा, थोडी सवड असलेली बरी, असं काहीतरी बोलले. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. मंगळवारी एकोणतीसला अविनाश घरी होता. आम्ही संध्याकाळी सुखना तलावावर गेलो होतो, कांचनचा दात पडला होता, आणि तो तिनं पाण्यात टाकला होता. एकतीसला पहाटे तो लेहच्या बाजूला गेला. माझ्या बोटांना एकोणतीसच आठवली.

मशीननं काही न विचारता मान्य केलं. निदान एकदा तरी विचारेल असं वाटलं होतं.

२ जून

चपला बाहेर काढून मशीनच्या खोलीत जायचं, खुर्चीवरचा स्वेटर चढवायचा, आणि मग आत सगळं गार, एकसारखं घुमणारं. बाहेर अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळाधमक झालाय, रस्ते तापलेत, चौकाचौकात नाके. माझ्या लूनाची पिशवी शिपायानं उलटीपालटी करून पाहिली, आत फक्त काकड्या होत्या. हे सगळं जूनमधलं. दाराच्या आत अजून मंगळवार आहे आणि नवरा घरी आहे. आज टेपचा गठ्ठा हातात घेऊन मी किती तरी वेळ नुसती उभी होते. साहेबांनी काचेवर टकटक केली तेव्हा भानावर आले.

अविनाशचा फोन नाही. तिकडे हवा खराब आहे म्हणतात.

४ जून

मीनाक्षीताई मशीनच्या खोलीत आल्या. त्या मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टर, मूळच्या नागपूरच्या. या गावात माझ्याशी मराठीत भांडू शकणारी एवढी एकच बाई. चपला काढायला विसरल्या, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"चित्रा, एक पोरगी हातातून जाऊन राहिली गं माझ्या."

मुलीचं नाव राजविंदर, घरात राणो म्हणतात. मोग्याजवळच्या गावातली. वडील शेतातले पंप दुरुस्त करतात. अठ्ठावीसला आई तिला घेऊन आली, तपासणी झाली, रिपोर्ट यायला वेळ होता. इथे राहायला जागा नाही, गावाकडे रोज काहीतरी चाललेलं, म्हणून आई तिला घेऊन परत गेली. रिपोर्टवर एकतीसला सही झाली. मुलीला नवं औषध द्यायलाच हवं, साध्या औषधानं तिचं भागणार नाही. नोंदणी व्हायला मुलगी समोर हवी आणि पालकांची सही हवी. आज त्या येणार होत्या. मोग्याच्या बसच बंद आहेत.

"मग बस सुरू झाल्या की येतील," मी म्हटलं.

"तेच तर! बारा पूर्ण झालेल्यांना या औषधात घेत नाहीत. माझं लक्षच नव्हतं. आज कागद काढून पाहते तर पोरगी परवा, दोन तारखेला बारा वर्षांची झाली."

मी काही विचार न करता बोलून गेले. मनात होतं तेच तोंडात आलं. "पण ताई, आमच्याकडे अजून एकोणतीस मे आहे."

मशीन घुमत होतं. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं आणि तिथला शेंगा फुटण्याचा आवाज थांबला होता. संपल्या असतील.

"हे चूक नाही का?" मीच विचारलं.

"चूकच आहे." ताईंनी चष्मा पुसला. "पण दोन दिवसांत पोरीचं रक्त बदलत नाही. नियम कुठंतरी रेघ ओढतो, ते बरोबरच आहे, ओढायलाच लागते. माझ्या केसपेपरवर मी खरी तारीख लिहीन आणि उद्या कुणी विचारलं तर खरं सांगीन. ते माझ्यावर. तुझ्यावर काही ढकलणार नाही मी."

जाताना म्हणाल्या, "तार करते त्यांना. तुझी ती 'की' कधी येते?"

'की' आली की मशीन खऱ्या तारखेवर आणावं लागेल, आणि मशीन जूनमध्ये आलं की राणो बारा वर्षांची होईल. दिल्लीचा फोन रोज मीच लावून बघायची. आज लावला नाही.

५ जून

दुपारी साहेबांच्या केबिनमधला फोन वाजला, चमत्कारच म्हणायचा. काचेतून पाहिलं तर साहेब रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. समोर पेन नाही, कागद नाही. बराच वेळ तसेच. फोन खाली ठेवल्यावरही डोळे मिटून पुटपुटत राहिले.

मी दार ढकलून विचारलं, "दिल्ली, सर?"

"नहीं नहीं. घर से था."

उद्या सहा जून. सहा वर्षांपूर्वी याच सुमाराला लष्कर त्यांच्या सगळ्यांत मोठ्या गुरुद्वाऱ्यात शिरलं होतं. त्या दिवसाबद्दल त्यांच्यापाशी कुणी बोलत नाही आणि तेही काढत नाहीत. प्रार्थना करत असतील असं समजून मी दार हळूच लावून घेतलं. मला मात्र हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून लाजही वाटली.

६ जून

बाजार बंद. रस्त्यावर पानांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. साहेब आले, पण डबा उघडला नाही आणि शेंगांनाही हात लावला नाही. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच निवला. मधूनमधून ओठ हलत होते. त्यांच्या मनात काय असेल ते मला कळणार नाही, आणि कळल्यासारखं करणं बरं नव्हे.

निघताना त्यांनी एकच विचारलं, "मोगे दी बस चल्ली?"

नाही चालली म्हटलं. त्यांची बहीण बहुतेक तिकडेच दिलेली असावी. एकदा काहीतरी म्हणाले होते.

७ जून

सकाळी कांचननं विचारलं, "ममा, आज कौनसी डेट है?" मी पोळी लाटत होते. म्हटलं, एकोणतीस. "झूठ! कॅलेंडर में तो सात है." मग डोळे बारीक करून म्हणाली, "पापा उनतीस को थे." पोरगी मराठीत उत्तर द्यायची नाही, पण दुखरी जागा बरोबर शोधते. मी तिला जवळ घेतलं, पीठ तिच्या केसांना लागलं.

मला भीती वाटते. ती कशी लिहायची हे माहीत नाही म्हणून आजवर लिहिली नव्हती. पहाटे विमानं उठतात तेव्हा मी अंथरुणात डोळे मिटून ऐकते, आणि त्याचं विमान तिकडे डोंगरातच कुठेतरी असलं तरी हीच ती विमानं असं समजून हात जोडते. मग ऑफिसात येते, २९ मे असं टाइप करते, आणि थोडा वेळ सगळं जागच्या जागी येतं.

आज मात्र टाइप करताना त्या मुलीचा विचार आला. आधी तिचा, मग अविनाशचा.

८ जून

प्रशासनाच्या ऑफिसातून फर्मान आलं. इस्पितळाचे सगळे कागद २९ मे अशा छापानं येताहेत. काल एका म्हाताऱ्या गृहस्थांना खिडकीवरून परत पाठवलं, तुमचा कागद जुना आहे म्हणून. बिचारे उन्हातून पिंजौरला गेले आणि आज पुन्हा आले. हे आमच्यामुळे झालं. मी खाली जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांना काही कळलं नाही, मलाच आशीर्वाद देऊन गेले. आता प्रत्येक कागदावर खऱ्या तारखेचा शिक्का मारतो आहोत.

सोमवारी संध्याकाळपर्यंत मशीन खऱ्या तारखेवर आणा, नाहीतर ते पॅकेज बंद ठेवा, असा हुकूम आहे.

एका मुलीसाठी सगळ्या इस्पितळाचं कॅलेंडर बिघडवणारी मी कोण? आणि साहेबांना तर काही पडलेलीच नाही. दिल्लीला फोन लावा म्हटलं की म्हणतात, "लाइन खराब है." मी लावत नाही त्याला कारण आहे. त्यांना कसलं? निवृत्ती जवळ आली की माणूस असा होत असेल.

९ जून

मी उशिरा पोचले, सेक्टर सतराच्या बाजूचा रस्ता बंद होता. बघते तर साहेबांनी स्वतःच मशीन सुरू केलं होतं आणि एकोणतीस मे दिली होती. सवय वाईट. त्यांचं ते मशीनशी खोटं न बोलण्याचं तत्त्व आठवलं आणि हसू आलं.

म्हटलं, "सर, आपकी बहन ठीक हैं न? मोगे वाली?"

"कौन बहन?" मग जरा थांबून, "हाँ हाँ. ठीक है."

वय झालं साहेबांचं.

११ जून, सोमवार

मुदतीचा दिवस. सकाळी ताई म्हणाल्या, मोग्याच्या बस आज सुटल्या असं ऐकलं. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मी बस स्टॅंडवर जाऊन फलाटावर उभी राहिले. मोग्याची एक बस आली, पुढच्या काचेला तडा गेलेला. उतरणाऱ्या प्रत्येक पोरीकडे बघत होते. मला ती कशी दिसते हेही माहीत नाही! शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "भैनजी, किसनूं लभ्भदे ओ?" काय सांगणार? कुणाला नाही म्हटलं आणि परत आले.

चारला प्रशासनाचा माणूस आला. साहेब त्याच्याबरोबर वर गेले आणि मोठ्या आवाजात भांडून आले, म्हणे. परत आल्यावर पगडी सारखी करत म्हणाले, "एक दिन और मिला है. मैंने कह दिया, दिल्ली से 'की' आई नहीं तो मैं क्या करूँ." त्यांच्या आळसाचा असा फायदा होईल असं वाटलं नव्हतं. मनातल्या मनात त्यांना सगळं माफ केलं.

संध्याकाळी धुळीचं वादळ. आकाश पिवळं, मग तपकिरी. दिवे गेले, फोनही गेला. कांचनला मांडीवर घेऊन बसले होते. अविनाश या वेळी काय करत असेल? त्याला विचारायचं होतं, त्याच्याकडे आज कोणती तारीख आहे.

१२ जून

आज सगळं लिहायचं आहे.

दहाच्या सुमाराला ताई आल्या, आणि त्यांच्यामागे हिरव्या ओढणीतली एक बाई आणि एक मुलगी. बाई पायरीवरच चपला काढून थबकली. मुलगी सरळ आत आली. हडकुळी, पांढरीफटक, दोन घट्ट वेण्या. मशीनकडे मान वर करून बघत म्हणाली, "एन्नी ठंड!" मी माझा स्वेटर तिच्या अंगावर घातला, तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. काल अर्ध्या रस्त्यात बस अडवली होती. रात्र त्यांनी एका गुरुद्वाऱ्यात काढली आणि सकाळी ट्रकनं आल्या.

फोन कालपासून मेलेला, त्यामुळे कुठून चौकशी येईल ही भीती नव्हती. मी कन्सोलशी बसले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. वय?

"बारां!" राणो ठसक्यात म्हणाली.

आईनं तिचा हात दाबला. "चुप कर."

"क्यों? हो गई हूँ. कड़ाह बना था घर में." कड़ाह म्हणजे इकडचा तुपातला शिरा.

मी म्हटलं, "राणो, इधर अभी नहीं हुई. इस कमरे में अभी मई का महीना है."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कांचन बघते. "फिर मेरा जनमदिन दोबारा आएगा?"

"आएगा."

"ते कड़ाह वी?"

ताई हसल्या आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या. मी जन्मतारीख टाकली, रिपोर्टची तारीख टाकली, आणि मशीननं नकार दिला.

पुन्हा टाकलं. पुन्हा नकार. मग कळलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. रिपोर्ट एकतीस मेचा, मशीनमध्ये एकोणतीस. जो रिपोर्ट अजून झालाच नाही तो मशीन कसा घेणार? रोज सकाळी मी ती तारीख टाकत होते, माझ्या लाडक्या मंगळवारी बसून राहिले होते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

"आता?" ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

"एकतीस मे," साहेब मागून म्हणाले. केबिनमधून कधी बाहेर आले कळलं नाही. "इकत्ती. बस वही एक दिन है. उससे पहले रिपोर्ट नहीं, उसके बाद 'की' नहीं. बंद करके दोबारा चलाइए."

साहेबांना कुणी सांगितलं आम्ही काय करतोय ते? पण तेव्हा विचारायला सवड नव्हती. मी मशीन बंद केलं. खोलीतलं घुमणं थांबलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाहेरचा कावळा ऐकू आला. मग सुरू केलं. त्यानं विचारलं, आज कोणता दिवस?

एकतीस मेला पहाटे अविनाश गेला. अंधारात बूट घालत होता, मी झोपेचं सोंग घेतलं होतं, कारण उठले असते तर रडले असते. त्यानं कांचनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझी चादर नीट केली. तो दिवस मला पुन्हा नको होता. कुठलाही दुसरा दिवस चालला असता. पण स्वेटरात बुडालेली ती पोरगी माझ्या खुर्चीला टेकून उभी होती आणि तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मी ३१ मे टाइप केलं.

या वेळी सगळं घेतलं गेलं. आईनं अडखळत सही केली. छपाईयंत्र करकरलं आणि नंबर छापून आला. ताईंनी कागद फाडून घेतला आणि माझा खांदा घट्ट धरला. मग तिघीही वॉर्डाकडे गेल्या. राणो माझा स्वेटर घालूनच गेली.

दार लागल्यावर साहेब खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "चलो, चित्राजी, अब 'की' डाल देते हैं. लिखिए." डोळे मिटले आणि म्हणू लागले. दिल्लीचा डी, सात, मद्रासचा एम... एकदाही न अडखळता, कागदाकडे न बघता, अख्खी ओळ. मी टाइप करत गेले. पॅकेजनं पुढच्या वर्षीपर्यंत परवानगी दिली. मग मशीन खऱ्या तारखेवर आणलं. एकतीस मेनंतर एकदम बारा जून. मधले सगळे दिवस मशीननं पाहिलेच नाहीत.

"सर, 'की' कब मिली?"

"अभी. घर से बात की थी दिल्ली."

फोन कालपासून सगळीकडेच बंद आहे असं मला वाटत होतं. साहेबांच्या सेक्टरात चालू असेल. पण पाठांतर मात्र जबरदस्त हं त्यांचं.

१४ जून

अविनाश आला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. जेवता जेवता झोपला. बूट मीच काढले.

१५ जून, शुक्रवार

फोन सुरू झाले. पहिला फोन दिल्लीच्या कंपनीचा, तोच तापवाला. "मॅडम, 'की' ठीक लगी न? पाँच तारीख को बोल दी थी ग्रेवाल साहब को. मैंने कहा, लिख लीजिए. बोले, लिखूँगा नहीं, याद रहेगी."

"बारह तारीख को," मी म्हटलं.

"नहीं जी, पाँच. मंगलवार था."

दिल्लीवाल्यांचंही कॅलेंडर आमच्यासारखंच झालेलं दिसतं, असं म्हणून मी फोन ठेवला आणि ताईंना द्यायचे कागद घेऊन वॉर्डात गेले.

राणो खाटेवर मांडी घालून बसली होती. हाताला सुई लावलेली, वर बाटली, अंगात माझा स्वेटर. औषध सुरू होऊन तीन दिवस झालेत, इतक्यात काही सांगता येत नाही, असं ताई म्हणतात. मलाही ते कळतं. मुलीच्या मोकळ्या हातात स्टीलची वाटी होती आणि बोटं तुपानं चमकत होती.

"कड़ाह," ती तोंड भरून म्हणाली. "सरदार अंकल लाए. कहते हैं, मशीन में मेरा जनमदिन आया ही नहीं, इसलिए यहाँ करना पड़ेगा."

"कौन सरदार अंकल?"

"मूँगफली वाले."

मी खाटेच्या कडेवर बसले. पाच तारखेचा तो मिटल्या डोळ्यांचा फोन आठवला. ओठांचं पुटपुटणं आठवलं, थांबलेल्या शेंगा, मोग्याच्या बसची ती चौकशी, मोठ्या आवाजातलं भांडण. त्यांना बहीण नाही. इतके दिवस ती ओळ त्यांनी डोक्यात धरून ठेवली होती, कुठे लिहिली तर कुणीतरी ती लावायला सांगेल म्हणून. आणि मी त्यांना आळशी समजत होते, इथे या वहीतसुद्धा. राणोनं वाटी पुढे केली. मी एक घास घेतला आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "ज़्यादा मीठा है?"

परत आले तेव्हा साहेब केबिनमध्ये होते. समोर शेंगांची पुडी, टरफलं, आणि धुतलेला रिकामा डबा. मी दारात उभी राहिले. बोलायचं खूप होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मशीन में आज कौनसी तारीख है, चित्राजी?"

"पंद्रह जून, सर."

"शाबाश." त्यांनी एक शेंग फोडली आणि अर्धी माझ्यासमोर धरली. "मशीन नाल झूठ नहीं बोलणा चाहीदा."